एकशेदहा व्होल्टची पेटी

३ जानेवारी १९८५, गुरुवार

ही डायरी विश्वनाथने आणून दिली. विश्वनाथ म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा, सक्करदऱ्याला त्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. म्हणाला, मामाजी, रोजचं थोडं थोडं लिहीत जा. मी म्हटलं, बत्तीस वर्षं फॅक्टरीचं लॉगबुक लिहिलं, आता घराचं लिहू. यात मामीकडे पाहण्यासारखं काय होतं कोण जाणे, पण त्याने पाहिलं.

तर पहिली नोंद. मी देवराव, वय बासष्ट. हिंगण्याच्या फॅक्टरीतून इलेक्ट्रिकल फोरमन म्हणून निवृत्त होऊन चार वर्षं झाली. हुडकेश्वरच्या लेआउटमध्ये घर बांधलं, घरात मी आणि बायको रंभाबाई, म्हणजे विश्वनाथची मामी. मुलगा मुकुंद अमेरिकेत. ज्याच्याशी पोटातलं बोलावं असा एकच माणूस होता, माझ्या पाळीतला दुसरा फोरमन महादेवराव. तो दिवाळीच्या आदल्या आठवड्यात गेला. मी खांदा दिला. त्याच्याशी बोलायचं ते आता इथे लिहीन.

आज लिहिण्यासारखंही घडलं. समोरच्या प्रेमलताबाईंकडे भरदुपारी चोरी झाली. बाई शाळेत शिकवायला गेलेल्या, मागे कोणीतरी कडी उचकटून आत शिरलं आणि पितळेची भांडी, मिक्सर, अंथरुणं, सगळं घेऊन गेलं. परत आल्या तेव्हा बाई उंबऱ्यात नुसत्या उभ्या होत्या. मीही हादरलो. आमच्या घरांच्या पलीकडे शेतं, लेआउटमध्ये सगळी मिळून अकरा घरं. इथे दिवसाढवळ्या असं होतं म्हणजे काय!

रंभाबाईला म्हटलं, दाराला इलेक्ट्रिकची घंटा बसवू, दार उघडलं की वाजणारी. ती म्हणाली, मुकुंदाला तिने दिवाळीतच तसं लिहिलं आहे, तो तिकडून पाठवतो आहे. चोरी आज झाली आणि पत्र दिवाळीत गेलं. बायका दूरचं पाहतात, हे मानलं पाहिजे.

८ जानेवारी

आज सकाळी फिरायला निघालो तो थेट हिंगण्याला पोचलो. चौकात कंपनीची बस उभी होती. अंगात खाकी शर्ट होताच, चढलो. नव्या ड्रायव्हरने काही विचारलं नाही. गेटवरच्या वॉचमनने मात्र अडवलं. ज्या गेटची वायरिंग मी केली त्या गेटवर मला पास मागतो! त्याला चार शब्द सुनावत होतो तेवढ्यात टाइम ऑफिसातला रुपराव धावत आला आणि मला मोटारसायकलवर बसवून घरी घेऊन आला. जुनी ओळख आहे, चांगला माणूस. वाटेत म्हणाला, "फोरमनसाहेब, आता घरीच राहत जा ना जी." मी म्हटलं, नव्या सबस्टेशनचं काम कसं चाललंय ते पाहायला गेलो होतो.

घरी रंभाबाई ओट्यावर बसलेली. केस ओले, तसेच पाठीवर मोकळे. डोळे सुजलेले. मी विचारलं, काय झालं वं, कोण गेलं? तिने रुपरावला चहा दिला आणि फाटकापर्यंत जाऊन त्याच्याशी बराच वेळ बोलत उभी राहिली.

२० जानेवारी, रविवार

मुकुंदने पाठवलेली घंटेची पेटी आली. त्याचा एक मित्र सुटीवर आला आहे, त्याने सामानातून आणली. सोबत पत्रं दोन, एक मला आणि एक बंद पाकीट आईला. तिने ते वाचून ट्रंकेत लुगड्यांखाली ठेवलं. माय-लेकांचं काही असेल, मी विचारलं नाही.

पेटी सुरेख आहे. फिकट पिवळा पत्रा, पुढे किल्ली फिरवायची जागा, तीन दिवे आणि वर लाल आकड्यांचं घड्याळ. दाराच्या चौकटीला लावायचे लोहचुंबकाचे तुकडे, घंटा आणि आत एक बॅटरी. दार उघडलं की चुंबक दूर होतो, घंटा वाजते आणि किल्लीशिवाय बंद होत नाही. हे सगळं मी पुस्तक न उघडता ओळखलं.

मग पेटी उलटी केली, मागची पट्टी वाचली आणि खुर्चीत बसलो. एकशेदहा व्होल्ट, सेकंदाला साठ सायकल म्हणजे आवर्तनं. आपली लाईन दोनशेतीस व्होल्ट, पन्नास सायकल. इलेक्ट्रिकल फोरमनचा मुलगा, शिक्षण इंजिनिअरचं, आणि बापाला एकशेदहा व्होल्टची वस्तू पाठवतो! ही आपल्या सॉकेटला लावली तर मिनिटभरात धूर होईल. रंभाबाई म्हणाली, त्याला तिथे तीच मिळते, तो काय करील. बरोबर आहे, पण त्याला आठवायला नको? माणूस एवढी साधी गोष्ट विसरतोच कसा?

२२ जानेवारी, मंगळवार

विश्वनाथला बोलावलं आणि दोघांनी बसून विचार केला. मार्ग दोन. एक, मुकुंदची पेटी वापरायची आणि तिच्या अलीकडे दोनशेतीसचे एकशेदहा करणारा ट्रान्सफॉर्मर ठेवायचा. इतवारीत एक वाइंडर आहे, तो तारा गुंडाळून तसा करून देतो. दोन, ही परत पाठवायची आणि विश्वनाथने इथल्याच सामानातून साधी घंटा करून द्यायची. विश्वनाथचं मत दुसऱ्या बाजूला. माझं पहिल्या, कारण या पेटीत बॅटरी आहे आणि आपल्याकडची लाईट विचारून जात नाही. सायकलीचं काय, असं विश्वनाथने विचारलं. मी म्हटलं, व्होल्ट बदलता येतात, सायकल बदलता येत नाही, पाहू काय होतं ते.

रंभाबाईच्या मागण्या ऐकून मात्र करमणूक झाली. तिला चुंबक पुढच्या दाराला आणि फाटकालाच हवा. मागचं दार, खिडक्या, कशालाच नको. मी म्हटलं, प्रेमलताबाईंकडे चोर मागूनच शिरला. ती म्हणाली, "मागचं मी पाहून घेईन. पुढचं दार उघडलं का मले न्हाणीत आयकू आलं पाह्यजे, बस." घंटा म्हणे न्हाणीच्या भिंतीला लावा. शिवाय दार आतून उघडलं तरी वाजली पाहिजे. मी समजावून सांगितलं की चोर बाहेरून आत येतो, आतून बाहेर जात नाही. विश्वनाथ खाली मान घालून पेचकसाशी खेळत राहिला. तिला चोरीचं काही कळत नाही, पण तिची भीती खरी आहे म्हणून मी हो म्हटलं.

अमेरिकन पिना चपट्या असतात, आपल्या सॉकेटात जात नाहीत. ती पिन कापून मी आपली तीन पिनांची लावली, म्हणजे ट्रान्सफॉर्मर आला की थेट जोडता येईल. आणि वायरला कार्ड बांधलं: "११० व्होल्ट. थेट जोडू नये. देवराव."

कार्डाची गोष्ट लिहून ठेवतो. लाईनवर माणूस चढला की खालच्या स्विचवर त्याच्या नावाचं कार्ड लागतं. ज्याने लावलं त्यानेच काढायचं आणि काढलं की नोंदवहीत वेळ टाकून सही करायची. एकदा वायरमन खांबावर असताना मॅनेजर स्वतः येऊन स्विच टाकायला निघाला, उत्पादन अडलं होतं. मी त्याचा हात धरला. नोकरी जाईल असं सगळ्यांना वाटलं. ती गेली नाही आणि बत्तीस वर्षांत माझ्या पाळीत एक माणूस मेला नाही. कोणावर ठपका ठेवायचा झाला तरी आधी नोंदवही वाचायची, हाही माझाच नियम. घरातही मेन बोर्डाशेजारी खिळ्याला वही आणि पेन्सिल टांगली आहे. रंभाबाई हसते, हसू दे.

२४ जानेवारी

रंभाबाईने ब्लडप्रेशरसाठी म्हणून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर पोरगेलासा. ब्लडप्रेशर राहिलं बाजूला, आज वार कोणता, महिना कोणता, असलं विचारत बसला. मग म्हणाला, शंभरातून सात वजा करत चला. त्र्याण्णव, शहाऐंशी, आणि पुढे मला कंटाळा आला. मी म्हटलं, डॉक्टर, मी अकरा हजार व्होल्टवर काम केलेला माणूस आहे, मला पाढे विचारू नका. तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले होते. ते त्याने नंतर विचारले, तर ते त्याने सांगितलेच नव्हते.

येताना रंभाबाई रिक्षात माझा हात धरून बसली होती. या वयात, भररस्त्यात.

२७ जानेवारी

वाइंडर म्हणतो अजून चार दिवस. पेटीच्या सायकलींबद्दल महादेवरावचं मत घ्यावं म्हणतो, त्याची अशा बाबतीत नजर चांगली. रंभाबाईला म्हटलं, संध्याकाळी जाऊन येतो. ती म्हणाली, ते गावाला गेले आहेत. कधी येणार ते तिला माहीत नाही. आल्यावर पाहू.

२९ जानेवारी, मंगळवार

पेटी जळाली.

सकाळी डोळा लागला होता. नवाच्या सुमारास उठून बैठकीत आलो तर जळक्या वार्निशचा वास कोंडलेला आणि विश्वनाथ जमिनीवर बसून पेटीचं झाकण उघडतो आहे. आतला ट्रान्सफॉर्मर काळा ठिक्कर. वायरवरचं कार्ड नाही. पिन सॉकेटाशेजारी पडलेली, तिच्यावरही काजळी. कोणीतरी ती थेट दोनशेतीसवर लावली होती. माझं कार्ड काढून!

आयुष्यात माझ्या कार्डाला दुसऱ्याचा हात लागला नव्हता. आणि लावला कोणी, तर ज्याला मी सोल्डर धरायला शिकवलं त्याने. मी ओरडलो. त्याने मामीकडे पाहिलं. तिने नुसती मान हलवली, इतकी थोडी की दुसऱ्या कोणाला दिसलीही नसती. मग तो म्हणाला, "चुकलं माहं, मामाजी."

एवढंच. कारण नाही, सबब नाही. मी म्हटलं, याउप्पर या घरात पाय ठेवायचा नाही. तो उठला, जळकी पेटी उचलली आणि निघून गेला. जाताना पाया पडायला वाकला होता, मी पाय मागे घेतले.

३० जानेवारी

रंभाबाई जेवली नाही. मी कारण विचारलं तर म्हणाली, भूक नाही. चोराची बाजू घेऊन उपास करते!

६ फेब्रुवारी, बुधवार

विश्वनाथ फाटकाबाहेरूनच पेटी देऊन गेला. आठ दिवस खपून दुरुस्त केली आहे. आतला जळालेला ट्रान्सफॉर्मर काढून त्या मापाचा इथला बसवला, म्हणजे आता ती थेट दोनशेतीसवर चालते. बाहेरच्या ट्रान्सफॉर्मरची गरजच उरली नाही. काम पाहिलं. टाके स्वच्छ, वायरी बांधलेल्या, कुठे बोट ठेवायला जागा नाही. ज्याचा हात असा चालतो तो एकशेदहाची पेटी दोनशेतीसवर लावतोच कसा, हे काही केल्या डोक्यात बसत नाही.

टेबलावरच ठेवून चालू केली आणि दुपारी लक्षात आलं की घड्याळ मागे पडतं. बसून हिशोब केला. हे घड्याळ लाईनच्या सायकली मोजून चालतं. तिकडे सेकंदाला साठ, आपल्याकडे पन्नास. म्हणजे तासाला दहा मिनिटं मागे, दिवसाला चार तास, आणि सहा दिवस कोणी हात लावला नाही तर पूर्ण एक दिवस मागे. त्या बिचाऱ्याला ते कळत नाही. ते आपलं इमानाने मोजत असतं.

रंभाबाईला सांगितलं. तिने पदराने पेटीवरची धूळ पुसली आणि म्हणाली, "रोज सकाळी रेडिओच्या टायमावर मी लावून देत जाईन. त्यात काय एवढं." मी म्हटलं, रोज? जन्मभर? ती म्हणाली, रोज.

९ फेब्रुवारी, शनिवार

काय लिहू, कसं लिहू. पण जे झालं ते त्याच दिवशी लिहायचं असतं.

सकाळी स्वयंपाकघराचा फ्यूज गेला. तार बांधली आणि नोंद करायला बोर्डाजवळची वही काढली. वहीतून कार्ड खाली पडलं. माझं कार्ड. "११० व्होल्ट. थेट जोडू नये." काढलेलं कार्ड वहीत त्या दिवसाच्या पानात ठेवायचं, हा नियम माझाच. पान उघडलं.

"२९ जाने. सकाळी ५.५०. कार्ड काढले. लाईन चालू केली. देवराव, फोरमन, पहिली पाळी."

अक्षर माझं. 'फ' ची शेपटी मी वळवतो तशी वळवलेली. सहीखाली दोन टिंबं, तीही माझी. मी ते पान दहा वेळा वाचलं. तिथेच बोर्डाखाली बसलो. आणि मला आठवत नाही. सकाळ आठवत नाही, कार्डाची गाठ सोडलेली आठवत नाही, धूर आठवत नाही. जिथे काहीतरी असायला हवं तिथे हात घातला तर नुसतं रिकामं.

मग ही डायरी काढली आणि पहिल्या पानापासून वाचली. महादेवरावला मी खांदा दिला असं मीच लिहिलंय आणि चोवीस दिवसांनी मीच त्याला भेटायला निघालो. हिंगण्याला गेलो ते लिहिलंय. विश्वनाथला काय बोललो ते सगळं लिहिलंय. दुसऱ्या कोणाची डायरी असती तर पहिल्या चार पानांत मला समजलं असतं.

रंभाबाई पाणी घेऊन आली तेव्हा मी वही तिच्यासमोर धरली. तिने पाहिली आणि पाण्याचा पेला खाली ठेवला. तिला माहीत होतं. त्या दिवशी ती न्हाणीत होती, धुराचा वास आला तशी ओलेत्याने धावत येऊन तिनेच मेन स्विच ओढला. मी पेटीपुढे उभा होतो म्हणे, खाकी शर्टात, धूर पाहत. मला तिने झोपवलं आणि प्रेमलताबाईंना सांगून विश्वनाथला बोलावून घेतलं.

मी विचारलं, मला काहून नाही सांगितलं? ती इतके दिवस बोलली नव्हती ते बोलली. "काय सांगू जी? दिवाळीत तुमी तेल आणाले गेले न् हिंगण्याच्या गेटावर सापडले. मंग संक्रांतीच्या आधी पुन्हा. एक डाव उमरेडच्या रोडवर, ट्रकाच्या मधात. तुमाले घरात कोंडू का? का दोरीनं बांधू? मी आंघोळीले जाते न् अंगावर पाणी घेत नाही, कान दाराकडं. पाण्याच्या आवाजात कडी वाजली त आयकू येनार नाही म्हनून."

न्हाणीच्या भिंतीला घंटा. आतून उघडलं तरी वाजायला हवी. मी हसलो होतो.

मुकुंदचं पाकीट तिने स्वतःच काढून दिलं. त्यात लिहिलं होतं, आई, ही पेटी लावून पाहा, बाबांना चोरांसाठी आहे असंच सांग. जमलं नाही तर घराला कुलूप लावून तू माझ्याकडे ये, बाबांची कुठेतरी चांगली सोय करू. "कुठेतरी" हा शब्द मी पाहत राहिलो. मुलाचा राग आला नाही, आश्चर्य म्हणजे. भीती वाटली. तिला विचारलं, तू काय कळवलंस? ती म्हणाली, "मी कुठी नाही जात म्हनून कळवलं. पेटी जमली पाह्यजे, बस."

पेटी जमली पाहिजे आणि ती मीच जाळली.

११ फेब्रुवारी, सोमवार

रंभाबाईसोबत विश्वनाथच्या दुकानात गेलो. गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत बाकावर बसलो. मग नोंदवहीचं ते पान त्याच्यासमोर उघडं केलं आणि म्हटलं, ठपका ठेवण्याआधी नोंद वाचायची असते, मी वाचली नाही. मी पाया पडायला वाकलो तशी त्याने मला वरच्या वर धरलं आणि रडायला लागला, चाळिशीचा माणूस, काउंटरवर टीव्ही उघडे पडलेले. म्हणाला, "तुमचं नाव खराब झालं असतं जी मामाजी. माह्या नावाचं काय."

मी त्याला सांगितलं, पेटी बसवायची, या गुरुवारी, आणि मी बसवणार. तू नुसता उभा राहा.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

बसवली. पुढच्या दाराला एक चुंबक, फाटकाला एक, घंटा न्हाणीच्या भिंतीला बाहेरून. वायर सगळी मी ओढली. तीन वेळा विश्वनाथला विचारावं लागलं की आता कुठली तार, आणि दर वेळी त्याने पहिल्यांदाच विचारतोय असं उत्तर दिलं. मेन काढून पाहिला, बॅटरीवर चालते. दार आतून उघडून पाहिलं. घंटा अशी वाजली की प्रेमलताबाई ओट्यावर आल्या. किल्ली एकच ठेवली, ती रंभाबाईच्या गळ्यातल्या काळ्या पोतीत ओवली. दुसरी विश्वनाथ घेऊन गेला. कुठे ठेवली ते मला सांगू नको, असं त्याला बजावलं.

एवढ्याने भागणार नाही हे मला कळतं. घंटा वाजली तर ती ओलेत्याने धावेल, तोवर मी फाटक ओलांडलेलं असेल. दारावर काहीतरी हवं जे मला थांबवेल. कडी उघडता येते, कुलपाची किल्ली मी शोधीन. रागावून मला थांबवलं तर मी वॉचमनला सुनावलं तसं तिला सुनावीन. मी कशाला थांबतो, असं मनाशी पुष्कळ शोधलं आणि एकच गोष्ट सापडली.

कार्ड केलं. पांढरा पुठ्ठा, लाल रंग, फॅक्टरीत असायचं तसंच, वर भोक पाडून सुतळी. "माणूस लाईनवर आहे. उघडू नये." खाली सहीची जागा. विश्वनाथ म्हणाला, सही करा मामाजी. मी पेन्सिल टेकवली आणि तशीच उचलली. माझी सही असेल तर ते कार्ड काढायचा हक्क माझा. मागच्या वेळी तसंच झालं, नियमाप्रमाणे मी माझंच कार्ड काढलं आणि रीतसर नोंदही केली.

रंभाबाईला बोलावलं. ती चौथीपर्यंत शिकलेली, सही करायची म्हटली की पदराला हात पुसते. तिने सावकाश अक्षर अक्षर जोडत लिहिलं, रंभाबाई. तिला सांगितलं, आंघोळीला जाताना हे रोज कडीला लावायचं, आल्यावर तूच काढायचं, दुसऱ्या कोणालाही हात लावू द्यायचा नाही. मला तर मुळीच नाही. ती म्हणाली, तुम्हाला आठवेल का? मी म्हटलं, हे विसरलो तर मग मुकुंद म्हणतो ते कर.

ते बोलताना माझा आवाज नीट होता. आता लिहिताना भीती वाटते आहे. खूप भीती वाटते आहे.

१९ फेब्रुवारी

प्रेमलताबाईंकडे चोरी झाली म्हणे. भरदुपारी. ऐकून धक्का बसला. बरं झालं, आपल्याकडे पेटी बसवलेली आहे. कोणी बसवली त्याचं काम चांगलं आहे.

४ मार्च, सोमवार

पहिली पाळी. लवकर उठलो, खाकी शर्ट चढवला, डबा काही सापडला नाही. दाराशी गेलो तर कडीला कार्ड. "माणूस लाईनवर आहे. उघडू नये." खाली सही रंभाबाईची.

तिने काम कधी काढलं ते मला कोणी सांगितलं नाही, याची चौकशी करावी लागेल. न्हाणीतून पाण्याचा आवाज येत होता, चांगला भरपूर, तांब्यावर तांबे. पेटीवरचं घड्याळ काहीतरी भलतीच वेळ दाखवत होतं. बाहेर उजाडत आलं होतं आणि बस चुकणार हे दिसत होतं.

पण कार्ड ज्याने लावलं त्यानेच काढायचं. मॅनेजरला मी हात लावू दिला नव्हता, मग मी कसा लावणार. खुर्ची ओढून दाराजवळ बसलो. लाईनवर माणूस असला की त्याचं काम होईपर्यंत खाली एकाने थांबावं लागतं.

ती ओल्या केसांनी बाहेर आली. मला पाहिलं, कार्ड पाहिलं आणि भिंतीला धरून तिथेच खाली बसली. मी म्हटलं, घाई नको करू वं, सावकाश होऊ दे तुझं काम. मी आहे इथे.